फियाटचा काटा चुकतोय? मीटर उघडण्याआधी या चुका टाळा

आमची प्रीमियर पद्मिनी गाडी १९८४ ची. घरात तिला आजही फियाटच म्हणतात. काही वर्षांपूर्वी तिच्या स्पीडोमीटरचा, म्हणजे वेग दाखवणाऱ्या मीटरचा, काटा ४० ते ६० च्या मध्ये थरथरायला लागला. मी मीटर उतरवलं आणि दुरुस्तीला दिलं. आतली स्प्रिंग बदलून मीटर परत आलं, तरी थरथर होती तशीच. वर एक नवीन दुखणं लागलं: आधी बरोबर असलेला वेग आता पाच-सात किलोमीटरने जास्त दिसू लागला. खरा दोष मीटरमध्ये नव्हताच. डॅशबोर्डच्या मागे स्पीकर बसवताना मीटरची केबल बाजूला सारली गेली होती आणि तिला कोन पडला होता. धडधाकट मीटर मी विनाकारण उघडायला लावलं, याची हळहळ अजून वाटते. कारण असं जुनं मीटर एकदा बिघडलं की पहिल्यासारखं जुळवून देणारे हात आता फार थोडे उरलेत.

पहिली आणि सगळ्यात महाग चूक: ओडोमीटरकडे न बघणं

गिअरबॉक्समधून येणारी केबल मीटरच्या आत एक मॅग्नेट फिरवते. मॅग्नेटभोवती अॅल्युमिनियमची वाटी असते. दोघं एकमेकांना शिवत नाहीत, पण फिरत्या मॅग्नेटमुळे वाटीत विद्युतप्रवाह तयार होतो आणि वाटी मॅग्नेटच्या मागे ओढली जाते. केसासारखी बारीक स्प्रिंग तिला अडवून धरते. या ओढाताणीत वाटी जिथे थांबते, तिथे काटा थांबतो. किलोमीटर मोजणारे आकडे, म्हणजे ओडोमीटर, मात्र त्याच केबलवर, पण थेट दात्यांनी फिरतात. तिथे मॅग्नेटचा किंवा स्प्रिंगचा काही संबंध नाही.

म्हणून आधी हायवेवर किलोमीटरचे दगड बघून सलग १० किलोमीटर जा. ओडोमीटर १० दाखवतोय आणि काटाच चुकतोय, तर दोष मीटरच्या आत आहे. मॅग्नेट कमजोर झाला की वेग कमी दिसतो, स्प्रिंग सैल पडली की जास्त. काटा आणि ओडोमीटर दोन्ही सारख्याच प्रमाणात चुकत असतील, तर मीटरला हात लावू नका. टायर किंवा गिअरचं प्रमाण बघा. दोन्ही बंद असतील तर बहुतेक केबल तुटलेली असते, नाहीतर गिअरबॉक्सकडचं पिनियन (केबल फिरवणारं छोटं दातेरी चाक) झिजलेलं. आणि काटा नाचत असेल तर आधी केबलच तपासा.

मित्राच्या नव्या गाडीशी ताडून बघणं

हे सगळेच करतात. पण नव्या गाड्यांची मीटरं मुद्दाम थोडा जास्त वेग दाखवतील अशीच बनवलेली असतात. जीपीएस चालेल, पण सरळ, सपाट रस्त्यावर आणि वेग स्थिर ठेवून. घाटात किंवा बोगद्यात नाही. माझा भरवसा घड्याळावर जास्त आहे. काटा ६० वर धरा आणि शेजारी बसलेल्याला दोन दगडांमधला वेळ मोजायला सांगा. १० किलोमीटरला बरोबर १० मिनिटं लागायला हवीत. ११ लागली, तर खरा वेग साडेचोपन्न आहे. एका किलोमीटरवर हिशेब करू नका, कारण वळणरस्ता झालेल्या ठिकाणी एखादा दगड मागेपुढे असू शकतो.

टायर बदलले हे विसरणं

पद्मिनीला मुळात ५.२०-१४ चे टायर येत. आता मिळेल तो रेडियल बसवला जातो. १६५/८० आर १४ टायरचा व्यास सुमारे ६२० मिमी, तर १६५/७० आर १४ चा सुमारे ५८७. म्हणजे पाच टक्क्यांहून जास्त फरक! मोठ्या टायरवर बरोबर असलेलं मीटर लहान टायरवर खऱ्या ६० ला ६३ च्या वर दाखवेल. पुस्तकातला व्यास नुसता घेण्यापेक्षा टायरवर खडूची खूण करा, गाडी ढकलून चाकाचे पाच फेरे मोजा आणि अंतर टेपने मापा.

केबलला भरपूर ग्रीस चोपडणं

ही चूक चांगल्या हेतूने होते, पण मीटर मारते. आतली पिळाची केबल फिरताना जादा ग्रीस हळूहळू वर ढकलते, ते वाटीपर्यंत पोचलं की वाटी चिकटून ओढली जाते आणि काटा भलताच वर जातो. गिअरबॉक्सचं ऑइल सील गेलं असेल तर ऑइलही याच वाटेने चढतं. काचेच्या आतून तेलकट थर दिसला, तर मीटर साफ करण्याआधी सील बदला. केबल बाहेर काढून पुसायची, हलका हात फिरवून ग्रीस लावायचं आणि मीटरकडचं साधारण २० सेंटिमीटर टोक कोरडं ठेवायचं. केबलचं वळण १५ सेंटिमीटर त्रिज्येपेक्षा तंग नको, आणि मीटरच्या मागे निघाल्या-निघाल्या तर मुळीच नको.

दुसऱ्या गाडीचं मीटर बसवणं

भंगारात मिळालेलं मीटर दिसायला तेच असतं, पण एका किलोमीटरमागे केबलचे किती फेरे हवेत हे प्रत्येकाचं वेगळं असू शकतं. जुन्या ब्रिटिश गाड्यांच्या स्मिथ्स मीटरवर हा आकडा डायलवरच बारीक छापलेला असतो, तोही मैलामागे. आपल्या गाडीचा आकडा काढायचा तर मीटरकडून केबल सोडा, टोकाला पुठ्ठ्याचा छोटा बाण लावा, गाडी न्यूट्रलमध्ये २० मीटर सरळ ढकला आणि बाणाचे फेरे मोजा. पन्नासने गुणलं की किलोमीटरचे फेरे, साडेऐंशीने गुणलं की मैलाचे. काही जण ढकलायचं टाळून मागचं एकच चाक जॅकवर उचलून फिरवतात. मागची दोन चाकं वेगवेगळ्या वेगाने फिरू देणाऱ्या डिफरेन्शिअलमुळे तेव्हा फेरे निम्मेच पडतात आणि सगळा हिशेब चुकतो.

काटा हाताने ओढून "जुळवणं" हाही उपाय नाही. तो त्याला खाली अडवणाऱ्या पिनेवरून पलीकडे गेला की स्प्रिंगचा मूळ ताण हरवतो. आणि गाडी १९६० च्या आधीची असून अंधारात चमकणारे आकडे असतील, तर तो रंग खरवडू नका. त्यात रेडियम असू शकतं. चमक गेली तरी किरणोत्सर्ग उरतो.

केबल परत लावताना तिचं चौकोनी टोक मीटरमध्ये नीट बसलंय हे बोटांना कळलं पाहिजे. ते बसल्यावरच नट आवळा. हातानेच, पक्कड न लावता. मग पुन्हा त्याच १० किलोमीटरवर घड्याळ लावा.