शून्य टक्के साम्याचा आनंद

प्रबंधाच्या प्रती बाइंड होऊन आल्या होत्या, सोनेरी अक्षरांसकट. पीडीएफ ग्रंथालयात दिली आणि दोन दिवसांनी कळलं, साम्य-तपासणीत, म्हणजे मजकूर दुसऱ्या कुठल्या लिखाणाशी जुळतो का हे मशीनवर बघतात त्यात, शून्य टक्के! मी पेढे आणायच्या बेतात होतो. ग्रंथपाल मॅडम म्हणाल्या, "अहो सर, तुमची अवतरणंसुद्धा कुठे जुळली नाहीत. मशीनला एक शब्दही वाचता आलेला नाही." त्यांनी 'प्रस्तावना' हा शब्द कॉपी करून नोटपॅडमध्ये टाकला. उमटली ती रोमन अक्षरांची आणि चिन्हांची खिचडी.

डीटीपीवाल्यांनी टाइप केलं होतं युनिकोडच्या (प्रत्येक लिपीतल्या अक्षराला स्वतःचा कोड देणारी पद्धत) आधीच्या फॉन्टमध्ये. वरून देवनागरी, आत रोमन अक्षरांचे कोड. कागदावर छापायचं तर काही बिघडत नाही. पण यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २००९च्या नियमांपासून प्रबंधाची सॉफ्ट कॉपी 'शोधगंगा' या प्रबंधांच्या ऑनलाइन भांडारासाठी द्यावी लागते, आणि तिथे शोधता न येणारा प्रबंध असून नसल्यासारखाच.

मग कन्व्हर्टर, म्हणजे जुन्या फॉन्टचं युनिकोड करून देणारा प्रोग्राम. साडेतीनशे पानं पाच मिनिटांत युनिकोड झाली आणि दुरुस्तीला तीन आठवडे गेले. जुन्या फॉन्टमध्ये पहिली वेलांटी अक्षराच्या आधी टाइप होते, युनिकोडमध्ये नंतर. त्यामुळे वेलांट्या शेजारच्या अक्षरावर जाऊन बसल्या. रफार उडाले. सगळ्यात वाईट हाल संदर्भसूचीचे: इंग्रजी पुस्तकांची नावंही कन्व्हर्टरने इमानेइतबारे 'मराठी' करून टाकली. ती सूची मी हाताने पुन्हा लिहिली. तेव्हा टाइपिंग बाहेर देणार असाल तर पहिल्या दिवशीच सांगा, युनिकोडच हवं. आधी एक पान मागवा आणि त्याची पीडीएफ करून शब्द शोधून बघा.

वर्डमधून पीडीएफ काढताना 'प्रिंट टू पीडीएफ' करू नका, 'सेव्ह ॲज' करा. तिथल्या ऑप्शन्समध्ये शीर्षकांवरून बुकमार्क करण्याची खूण आहे, आणि पीडीएफ/ए हा पर्यायही. हा दीर्घकाळ जपण्यासाठीचा प्रकार. त्यात सगळे फॉन्ट फाइलच्या पोटात जावेच लागतात आणि पासवर्ड चालत नाही. झालेली फाइल उघडून प्रॉपर्टीजमध्ये फॉन्टची यादी बघा. प्रत्येक नावापुढे 'एम्बेडेड' हवं. नाहीतर समोरच्याच्या संगणकावर जोडाक्षरं फुटतात.

शोधगंगासाठी फाइल एकसंध द्यायची नाही. शीर्षकपान ०१, मग प्रमाणपत्रं वगैरे, पुढे प्रकरणागणिक वेगळी फाइल. ८० क्रमांकाच्या फाइलमध्ये शीर्षकपान आणि समारोपाचं प्रकरण पुन्हा जातं. हे मला कोणीच सांगितलं नव्हतं.

आणि कृपा करून सगळा प्रबंध छापून स्कॅन करू नका. स्कॅन फक्त सह्या-शिक्क्यांच्या पानांचा, ३०० डीपीआयवर, तोही शक्यतो दुकानातून. मी मोबाइलवर केला होता. मार्गदर्शकांच्या सहीखाली त्या फुकट ॲपची जाहिरात छापून आली आणि ती मला चौथ्या खेपेला दिसली.