आरसी हेलिकॉप्टरचे ट्रेनिंग गिअर वापरताना या चुका टाळा

आरसी म्हणजे रिमोटने उडवल्या जाणाऱ्या हेलिकॉप्टरच्या स्किडखाली (ज्यांवर ते जमिनीवर टेकते त्या दांड्यांखाली) फुलीसारखे बांधलेले कार्बन किंवा फायबरचे रॉड आणि त्यांच्या चार टोकांना हलके प्लॅस्टिकचे चेंडू, एवढेच ट्रेनिंग गिअरचे स्वरूप असते. जमिनीजवळ हेलिकॉप्टर आडवे सरकत असताना ते एका बाजूला कलंडू नये आणि पाती जमिनीवर आपटू नयेत, हे त्याचे एकमेव काम आहे. डोक्याएवढ्या उंचीवरून पडणारे हेलिकॉप्टर ते वाचवू शकत नाही आणि चुकीच्या दिशेला दाबलेली ट्रान्समीटरची स्टिकही सुधारू शकत नाही. शिकणाऱ्यांचे बहुतेक नुकसान गिअरला याहून मोठे काम सोपवल्यामुळे होते. उरलेले नुकसान ते घाईने आणि कसेबसे बांधल्यामुळे होते.

बांधणी

सर्वांत जास्त आढळणारी चूक म्हणजे आखूड रॉड. ४५० वर्गातील हेलिकॉप्टरच्या मुख्य रोटरचा व्यास सुमारे ७०० मिलिमीटर असतो. त्याला त्याहून लहान मॉडेलसाठी बनवलेले गिअर लावले, तर चेंडू जमिनीला टेकेपर्यंत पात्याचे टोक जवळजवळ जमिनीशी पोहोचलेले असते. हे घरीच तपासता येते. मोटरच्या वायर काढून ठेवाव्यात, एक पाते बाजूला आडवे करावे आणि त्याच बाजूच्या दोन चेंडूंवर भार येईल असे हेलिकॉप्टर हाताने कलते करावे. रॉड थोडे वाकतील इतका दाब दिल्यावरही पात्याचे टोक जमिनीपासून मोकळे राहिले पाहिजे आणि हात काढताच हेलिकॉप्टर आपोआप सरळ बसले पाहिजे. ही चाचणी चारही बाजूंनी करावी, कारण मागच्या रॉडची लांबी किंवा कोन किंचित चुकला तरी फरक पडतो. मागचे रॉड वाकल्यावर टेल रोटरच्या (शेपटीवरच्या लहान रोटरच्या) वाटेत येत नाहीत ना, हेही त्याच वेळी पाहून घ्यावे.

रॉड जिथे एकमेकांना छेदतात तो बिंदू मुख्य शाफ्टच्या बरोबर खाली असावा. तो पुढे-मागे झाला की गुरुत्वमध्य सरकतो आणि हेलिकॉप्टर सतत एका दिशेला ओढत राहते, ज्याचा दोष नवखा माणूस ट्रिमला (स्टिकच्या मध्यस्थितीत केलेल्या बारीक दुरुस्तीला) देतो. गिअर बांधून झाल्यावर पाती टेल बूमशी (शेपटीच्या दांड्याशी) काटकोनात ठेवावीत, रोटर हेड दोन्ही बाजूंनी बोटांनी धरून हेलिकॉप्टर उचलावे आणि नाक खाली झुकते की शेपूट, हे पाहून बॅटरी पुढे-मागे सरकवावी.

सैल बांधलेले गिअर हे शेपटी थरथरण्याचे नेहमीचे कारण आहे. रॉडचा कंप स्किडमधून फ्रेमपर्यंत आणि तेथून जायरोपर्यंत (शेपूट स्थिर ठेवणाऱ्या सेन्सरपर्यंत) जातो, आणि शिकणारा मात्र जायरोचा गेन (संवेदनशीलता) कमी-जास्त करत बसतो. प्रत्येक बॅटरी संपल्यावर रॉड हाताने हलवून पाहण्याची सवय लावावी. झिप टाय घट्ट ओढताना स्किड आणि रॉड यांच्यामध्ये रबराचा पातळ तुकडा ठेवल्यास पकड चांगली बसते आणि धक्क्याचा सगळा भार प्लॅस्टिकच्या स्किडवर येत नाही. कार्बनचा रॉड तडकला असेल तर तो बदलावा. त्याच्या कुसळांनी हाताला इजा होते.

जमीन आणि उड्डाणाचा पहिला क्षण

चेंडू सरकावेत म्हणून गोल असतात. उंच गवतात, भेगांमध्ये किंवा खड्यांत ते अडकले की गिअरचा उपयोग उलटतो. एक चेंडू अडकलेला असताना रोटरची उचल वाढत गेली, तर हेलिकॉप्टर त्या चेंडूभोवती फिरू लागते आणि ठराविक कोनानंतर विरुद्ध दिशेला पूर्ण स्टिक देऊनही ते थांबत नाही. अशा वेळी कलेक्टिव्ह (सर्व पात्यांचा कोन एकत्र बदलून उचल कमी-जास्त करणारी स्टिक) ताबडतोब खाली घेणे हाच खरा उपाय आहे. म्हणून शिकण्यासाठी सपाट, टणक आणि स्वच्छ पृष्ठभाग निवडावा.

हीच कृती हवेत घातक ठरते. हेलिकॉप्टर कमरेएवढ्या उंचीवर असताना घाबरून स्टिक तळाशी ओढली, तर ते आदळते, रॉड स्प्रिंगप्रमाणे उसळी देतात आणि लवलेली पाती टेल बूमवर बसतात. गिअर आहे म्हणून असे आदळणे चालते, हा समज पहिल्याच आठवड्यात सोडून द्यावा. सुरुवातीला स्टिकच्या तळाचा पिच (पात्यांचा कोन) शून्य ते उणे २ अंश यांच्या दरम्यान ठेवल्यास चुकीची तीव्रता बरीच कमी होते.

उड्डाण घेताना डावीकडचे चेंडू आधी उचलले जातात, हे पाहून अनेक जण ट्रिम बदलतात. मुख्य रोटर वरून पाहता घड्याळाच्या दिशेने फिरत असेल, तर टेल रोटरचा जोर हेलिकॉप्टरला डावीकडे ढकलतो आणि तो तोलण्यासाठी होव्हरमध्ये (हवेत एका जागी स्थिर असताना) ते किंचित उजवीकडे झुकलेले राहते. हा झुकाव नैसर्गिक आहे. चारही चेंडू एकाच वेळी उचलले जावेत म्हणून जमिनीवर ट्रिम केलेले हेलिकॉप्टर हवेत गेल्यावर डावीकडे पळते.

फ्लायबारलेस यंत्रणेची अडचण

या चुकीकडे फारसे लक्ष दिले जात नाही, म्हणून तिच्याविषयी सविस्तर लिहिणे आवश्यक वाटते. फ्लायबार (रोटरवर आडवा बसवलेला, स्थैर्य देणारा दांडा) असलेल्या जुन्या हेलिकॉप्टरसाठी एक सराव सांगितला जात असे: हेलिकॉप्टर हलके करून, चेंडू जमिनीला लागलेलेच ठेवून ते पुढे-मागे, डावीकडे-उजवीकडे सरकवत राहायचे. फ्लायबारलेस कंट्रोलर (फ्लायबारचे काम सेन्सरच्या मदतीने करणारा) मात्र स्टिकला फिरण्याच्या वेगाची आज्ञा समजतो. तुम्ही उजवीकडे स्टिक दिली आणि गिअरमुळे हेलिकॉप्टर झुकले नाही, तर आज्ञा पूर्ण झाली नाही असे मानून अनेक कंट्रोलर स्वॅशप्लेट (पात्यांचा कोन बदलणारी, रोटरखालची तबकडी) हळूहळू आणखी झुकवत जातात. बाहेरून काहीच बदललेले दिसत नाही. पण चेंडू जमिनीपासून सुटताच साठलेली सगळी दुरुस्ती एकदम लागू होते आणि हेलिकॉप्टर बाजूला झेपावते. गिअरच्या आधाराने जितका वेळ जमिनीवर रेंगाळाल, तितका हा धोका वाढतो.

अशा हेलिकॉप्टरवर रोटरला पूर्ण वेग येईपर्यंत स्टिक मध्यभागी ठेवावी, जमिनीवर स्वॅशप्लेट सावकाश सरकताना दिसली तरी ती स्टिकने सरळ करण्याचा प्रयत्न करू नये, आणि मग कलेक्टिव्ह ठामपणे पण झटका न देता वाढवून जमीन सोडावी. ट्रान्समीटरवरचे ट्रिमही मध्यभागीच ठेवावे, कारण त्याचा एक टप्पा म्हणजे सतत दिलेली आज्ञाच असते.

उंची, दिशा आणि अंतर

चेंडू जमिनीपासून वीतभर वर ठेवून होव्हर करणे सोपे असेल, असे वाटते. प्रत्यक्षात ती सर्वांत त्रासदायक उंची आहे. रोटरच्या व्यासापेक्षा कमी उंचीवर स्वतःच्याच रोटरने ढवळलेली हवा हेलिकॉप्टरला हलवत राहते. ४५० वर्गासाठी ७० सेंटिमीटर ते एक मीटर ही उंची अधिक शांत असते, आणि स्टिक हाताळण्याचा अंदाजही तेथेच लवकर येतो.

चार बाजूंना चार सारखे चेंडू असल्याने हेलिकॉप्टरची पुढची आणि मागची बाजू दुरून ओळखता येत नाही. पुढचे दोन चेंडू एका ठळक रंगाचे आणि मागचे दोन दुसऱ्या रंगाचे ठेवावेत.

गिअर लावलेले हेलिकॉप्टरही तितकेच धोकादायक असते. ७०० मिलिमीटरचा रोटर मिनिटाला २,५०० फेरे घेत असेल, तर पात्याच्या टोकाचा वेग ताशी सुमारे ३३० किलोमीटर होतो. पाच मीटरपेक्षा जवळ उभे राहू नये, आणि जवळ जाण्यापूर्वी थ्रॉटल होल्ड (मोटर बंद ठेवणारा स्विच) लावून रोटर पूर्ण थांबू द्यावा.

गिअर कधी काढावे

शेपूट आपल्याकडे ठेवून पूर्ण बॅटरीभर होव्हर जमू लागला आणि उतरताना चेंडूंवर ओझे न पडता चारही जवळपास एकत्र टेकू लागले, की गिअर काढण्याची वेळ आली. त्यानंतरही महिनोन्‌महिने ते ठेवणारे शिकाऊ वैमानिक त्याच्या वजनाला आणि मंद प्रतिसादाला सरावतात. वेगाने पुढे उडताना चेंडूंचा वाऱ्याला होणारा अडथळाही त्यांना हेलिकॉप्टरचाच स्वभाव वाटू लागतो. गिअर काढल्यावर होव्हरसाठी कमी कलेक्टिव्ह लागतो, त्यामुळे नेहमीइतकी स्टिक वर नेल्यास हेलिकॉप्टर अपेक्षेपेक्षा वेगाने उचलले जाते. बॅटरीची जागा पुन्हा तपासावी, वारा नसलेली वेळ निवडावी आणि पहिली बॅटरी फक्त उड्डाण, होव्हर आणि उतरणे यांसाठीच वापरावी.