पानगळीत ट्रेल कॅमेरा लावताय? या चुका टाळा

ट्रेल कॅमेरा म्हणजे रानात झाडाला बांधायचा, जनावर समोर आलं की आपोआप फोटो घेणारा कॅमेरा. ऑगस्टमध्ये बांधलेला हा कॅमेरा नोव्हेंबरातही तिथेच आणि त्याच सेटिंगवर असेल, तर फोटो बिघडणारच. मधल्या तीन महिन्यांत रान पुरतं बदलतं. गवत वाळतं, पानं गळतात, सूर्य खाली उतरतो, हरणांचं खाणं बदलतं, नर माजावर येतात. 'कॅमेरा खराब निघाला' म्हणणाऱ्या बऱ्याच जणांचा कॅमेरा ठणठणीत असतो, फक्त तो अजून ऑगस्टमध्ये असतो.

मी अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया राज्याच्या उत्तर भागात, ओळखीच्या एका शेतकऱ्याच्या रानात कॅमेरे लावतो. तो तिथे शिकार करतो, मी फोटो घेतो. पहिल्या वर्षी मी कॅमेरा तळ्याकाठी लावला. बुद्धपौर्णिमेला मचाणावर बसून पाणवठ्यावरची प्राणीगणना केलेली, त्यामुळे जनावर बघायचं तर पाण्यावर, हे डोक्यात पक्कं होतं. पण ते आपल्या वैशाखाचं गणित. इथे पाऊस बाराही महिने पडतो. पानगळीत ओहोळांनाही पाणी असतं, हरणाला तळ्यावर यायची गरजच पडत नाही. महिनाभरात रॅकूनचं एक कुटुंब तेवढं मिळालं.

या दिवसांत जागा शोधायची ती ओकखाली. पांढऱ्या ओकची फळं, म्हणजे एकॉर्न, एकाच हंगामात पिकतात आणि सप्टेंबर-ऑक्टोबरात गळतात. त्यांना तुरटपणा कमी, म्हणून हरणं, रानटर्की, अस्वलं आधी त्यांच्यावर तुटून पडतात. तांबड्या ओकच्या फळांना पिकायला दोन वर्षं लागतात. ती जास्त तुरट असतात, त्यांची पाळी मागून येते. सोयाबीनच्या शेतात रोज संध्याकाळी येणारा कळप ऑक्टोबरात एकाएकी दिसेनासा झाला, तर तो गाव सोडून गेलेला नसतो. पांढऱ्या ओकखाली जाऊन वाकून बघा. ताजी फुटलेली टरफलं, उलथीपालथी केलेली पानं, ओल्या मातीत खुरांचे ठसे दिसले, की कॅमेरा तिथे हलवा.

ऑक्टोबरच्या अखेरीस नर खुरांनी जमीन उकरून ठेवतात. त्या उकरलेल्या जागेच्या वर हमखास एक लवलेली फांदी असते. तिला नर तोंड घासतो, चावतो, आपला वास ठेवून जातो. इथले शिकारी या जागेला स्क्रेप म्हणतात. माझ्या मते पानगळीतली ही सगळ्यांत चांगली जागा, कारण एकाच स्क्रेपवर वेगवेगळे नर येऊन जातात.

आता मला सर्वांत जास्त सलणारी चूक. उन्हाळ्यात कार्ड लवकर भरू नये म्हणून दोन फोटोंमध्ये एक मिनिटाचा खंड ठेवलेला असतो, आणि तो तसाच राहून जातो. नोव्हेंबरच्या मध्याला माज भरात असतो. मादी पुढे पळते, नर नाक जमिनीशी धरून तिच्या मागावर येतो, कधी वीस सेकंदांनी, कधी चाळीस. माझ्याकडे एका पहाटेचा मादीचा फोटो आहे, कान मागे वळवलेले, शेपटी अर्धी उचललेली. ती कोणाकडे मागे बघत होती हे मला कधीच कळणार नाही. कॅमेरा त्या वेळी ते मिनिट मोजत होता. खंड पाच सेकंदांवर आणा आणि एका वेळी तीन फोटो लावा.

फोटोत नुसती शेपटी येत असेल, तर कॅमेरा वाटेला काटकोनात बांधला आहे. तो तिरका करा, साधारण 45 अंशांत, म्हणजे जनावर चौकटीत जास्त वेळ राहतं.

हजार फोटो आणि एकातही जनावर नाही, अशी तक्रार असेल तर सेन्सर समजून घ्या. तो हालचाल आणि तापमानातला फरक मिळून टिपतो. उन्हाने तापलेली फांदी वाऱ्यावर हलली, की त्याला तेही जनावरच वाटतं. ऑगस्टमध्ये सावलीत असलेलं झाड पानं गळल्यावर उघड्यावर येतं, त्यात सूर्य दक्षिणेला खाली असतो. म्हणून कॅमेऱ्याचं तोंड उत्तरेला ठेवा. बीचच्या कोवळ्या झाडांपासून दूर राहा, कारण त्यांची वाळकी पानं हिवाळाभर फांदीला चिकटून फडफडत राहतात. शिवाय थंडी वाढली, की गरम अंग आणि थंड रान यांतला फरक वाढतो आणि सेन्सर अधिक हळवा होतो. उन्हाळ्यात 'हाय' ठेवलेली संवेदनशीलता आता एक पायरी उतरवा.

रात्रीच्या फोटोत समोर पांढरंफट्ट काहीतरी आणि मागे अंधारात फक्त दोन डोळे चमकतात? कॅमेऱ्याजवळची एखादी काडी किंवा गोल्डनरॉड या रानझुडपाचा वाळका दांडा सगळा इन्फ्रारेड प्रकाश परतवतोय. कोयत्याचे दोन घाव पुरतात.

सेल लिथियमचेच घाला. अल्कलाइन थंडीत मान टाकतात, लिथियम उणे 40 अंशांपर्यंत चालतात. मात्र लिथियमचा विद्युतदाब (व्होल्टेज) शेवटपर्यंत टिकून एकदम कोसळतो, त्यामुळे पडद्यावरच्या भरलेल्या बॅटरीच्या चित्रावर विसंबू नका. कार्ड कॅमेऱ्यातच फॉरमॅट करा आणि त्याच्या कडेची लॉकची खिट्टी उघडी आहे ना ते बघून घ्या, नाहीतर त्यावर फोटो साठत नाहीत. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी अमेरिकेतली घड्याळं एक तास मागे जातात. कॅमेऱ्याचं घड्याळ हाताने मागे घ्यावं लागलं आणि ते राहिलं, तर ऐन माजातल्या सगळ्या नोंदी तासाभराने चुकतील.

मका टाकून जनावर कॅमेऱ्यासमोर आणायचा मोह आवरा. पेनसिल्व्हेनियात आमिष टाकलेल्या जागी शिकार करायला बंदी आहे, आणि सगळं आमिष उचलल्यावरही 30 दिवस ती जागा बाद धरली जाते. म्हणजे तुमच्या ओंजळभर मक्याने मालकाचा अख्खा हंगाम बुडू शकतो. त्यात क्रॉनिक वेस्टिंग डिसीज हा हरणांमधला संसर्गजन्य, जीवघेणा रोग या राज्यात 2012 पासून आहे. एका ढिगावर दहा तोंडं आणणं म्हणजे त्याला वाट करून देणं.

बंदुकीचा हरणांचा हंगाम इथे 2019 पासून थँक्सगिव्हिंगच्या, म्हणजे नोव्हेंबरातल्या चौथ्या गुरुवारच्या सणानंतरच्या शनिवारी सुरू होतो. त्या दिवसांत शिकाऱ्याला डोकं, छाती आणि पाठ मिळून किमान 250 चौरस इंच चमकदार नारिंगी कापड अंगावर ठेवावं लागतं. तुम्ही नुसतं कार्ड बदलायला जात असाल, तरी तेवढंच घाला, आणि निघण्याआधी मालकाला फोन करा. मी त्या आठवड्यात रानात जातच नाही. आदल्या बुधवारी नवे सेल घालतो, रिकामं कार्ड टाकतो, पट्टा आवळतो, आणि दोन आठवडे कॅमेऱ्याकडे फिरकत नाही.