जंप ब्लूजचा पहिला सोलो: गिटारला श्वास घ्यायला शिकवताना

जंप ब्लूज, म्हणजे १९४० च्या दशकातलं लोकांना नाचवणारं, झुलत्या लयीचं ब्लूज, गिटारवर शिकायचं असेल तर सुरुवात सॅक्सोफोन ऐकण्यापासून करा. मी कॉलेजपासून रॉक वाजवत होतो, बोटं बऱ्यापैकी पळायची. पण या शैलीचा पहिला धडा मला मिळाला तो एका सॅक्सोफोनवादकाकडून. ते मूळचे गोव्याचे, मुंबईतल्या हॉटेलांच्या बँडमध्ये आयुष्यभर वाजवलेले. आम्ही सगळे त्यांना अंकल म्हणायचो. गिटार त्यांना येत नव्हती. माझं वाजवून झालं की ते एकच विचारायचे, "यात श्वास कुठे घेतलास?" फुंकून वाजवणाऱ्याला दम संपला की थांबावंच लागतं, गिटारवाल्याला थांबवणारं कोणी नसतं. जंप ब्लूजच्या सोलोचं इंगित या थांबण्यात आहे.

याला कारण आहे या संगीताचा जन्म. १९४० च्या दशकात अमेरिकेत मोठे स्विंग बँड (स्विंग म्हणजे झुलत्या लयीचं नाचाचं जॅझ) चालवणं परवडेनासं झालं. युद्धामुळे वादक सैन्यात गेले, पेट्रोल आणि टायर रेशनवर आले, नाचगाण्याच्या जागांवर जबर कर बसला. पंधरा-सोळा जणांचा ताफा गावोगाव फिरवणार कसा? मग पाच-सात जणांचे छोटे बँड पुढे आले. त्यांत सगळ्यांत गाजला लुई जॉर्डन. तो ऑल्टो सॅक्सोफोन वाजवायचा आणि गायचाही. त्याच्या बँडचं नाव टिंपनी फाइव्ह, माणसं मात्र बहुतेक वेळा पाचाहून जास्त असायची. पूर्वी डझनभर फुंकवाद्यं मिळून लोकांना नाचवत, ते काम आता दोन-तीन वाद्यांवर आलं. म्हणून रिफ, म्हणजे पुन्हा पुन्हा येणारे सुरांचे तुकडे, छोटे झाले, ठसठशीत झाले, पुन्हा पुन्हा वाजू लागले. नुकतीच विजेवर आलेली गिटार याच गर्दीत उभी राहिली आणि फुंकवाद्यांसारखं बोलायला शिकली. गिटारवादक चार्ली ख्रिश्चन १९३९ मध्ये बेनी गुडमनच्या स्विंग बँडमध्ये गेला आणि गिटारवर सॅक्सोफोनसारख्या ओळी वाजवता येतात हे सगळ्यांना कळलं. टेक्सासमध्ये १९१० साली जन्मलेल्या टी-बोन वॉकरनं तीच भाषा ब्लूजमध्ये आणली.

सुरुवातीला ऐकायला एकच गोष्ट सुचवायची तर वॉकरचं १९४७ मधलं 'टी-बोन शफल' सुचवेन. पाठोपाठ लुई जॉर्डनच्या बँडमधल्या कार्ल होगनची गिटार ऐका. १९४६ च्या एका गाण्याच्या सुरुवातीला त्यानं वाजवलेला तुकडा चक बेरीनं पुढे १९५८ मध्ये जवळजवळ तसाच उचलला, आणि रॉक अँड रोलची सगळ्यांत ओळखीची सुरुवात तयार झाली. रॉक वाजवणाऱ्यांना जंप ब्लूज परका वाटायचं काहीच कारण नाही, ते त्याच घरातून बाहेर पडलेले आहेत. आणि हिंदी सिनेमा ऐकत वाढलेल्या आपल्या कानांनाही हा झोका ओळखीचा आहे. आपले पुणतांब्याचे सी. रामचंद्र आणि त्यांच्याबरोबर काम करणारे गोव्याचे ट्रम्पेटवादक चिक चॉकलेट यांनी १९५० च्या दशकात स्विंगची चाल घरोघरी पोचवली होती. 'अलबेला'तली नाचाची गाणी लावा आणि नुसतं ट्रम्पेटकडे लक्ष द्या.

ऐकलेला सोलो आधी गळ्यातून आला पाहिजे. सूर थोडा इकडेतिकडे झाला तरी चालेल, पण तुकडा कुठे सुरू होतो, कुठे संपतो आणि मध्ये किती जागा सुटते हे गुणगुणताना अचूक यायला हवं. नवशिके ही पायरी गाळतात, थेट टॅब (कोणती तार कुठे दाबायची हे आकड्यांत लिहिलेला कागद) उघडतात, आणि मग त्यांच्या वाजवण्यात सगळे सूर बरोबर असूनही गाणं काही उभं राहत नाही.

आता आवर्तन. 'जी'च्या पट्टीत बारा बार धरू (एक बार म्हणजे चार मात्रा). पहिले चार बार जी, पुढचे दोन सी, मग दोन जी, नववा डी, दहावा सी आणि शेवटचे दोन पुन्हा जी. (बाराव्यात डी घेऊन परतायची पद्धतही आहे.) सोलोआधी हे आवर्तन कॉर्डनी वाजवता आलं पाहिजे, आणि त्यासाठी टी-बोन वॉकरच्या वादनातली एक सोपी युक्ती आहे. पहिल्या तीन बारीक तारांवर एकच बोट आडवं ठेवा. जीसाठी बाराव्या फ्रेटवर वाजवून बोट न उचलता दहाव्यावर घसरा. सीसाठी पाचव्यावरून तिसऱ्यावर, डीसाठी सातव्यावरून पाचव्यावर. खालचे सूर बास वाजवतोच आहे, तुम्ही फक्त वरचा रंग भरायचा: आधी सिक्स्थ कॉर्डचा गोडवा, मग नाइन्थ कॉर्डचा ताण. दोन आघात आणि गप्प. तीन सॅक्सोफोन एकदम फुंकल्यासारखं वाजतं. मी बरेच आठवडे हेच वाजवत होतो, आणि ते आठवडे फुकट गेले असं मला एकदाही वाटलं नाही. आवर्तनातली आपली जागा न मोजता कळायला लागली ती यामुळेच.

सोलोचे सूर तिसऱ्या फ्रेटच्या आसपास सापडतात. तिसऱ्या तारेवर तिसरा फ्रेट म्हणजे बी फ्लॅट, चौथा म्हणजे बी. दुसऱ्या तारेवर तिसऱ्या फ्रेटला डी, पाचव्याला ई, सहाव्याला एफ. पहिल्या तारेवर तिसऱ्याला जी, पाचव्याला ए, सहाव्याला पुन्हा बी फ्लॅट. एवढ्या सुरांवर पहिला सोलो आरामात होतो. मायनर पेंटाटॉनिकची (रॉकमधल्या नेहमीच्या पाच सुरांच्या स्केलची) सवय असलेल्या हाताला यातले ई आणि ए नवे वाटतील, पण जंप ब्लूजचा हसरा चेहरा त्यांच्यामुळेच आहे. दुसऱ्या तारेवरच्या ई वर नुसतं थांबून बघा, खोलीतला उजेड वाढल्यासारखा वाटतो.

आणि इथे सगळ्यांत महत्त्वाची गोष्ट, जिच्यासाठी खरं तर मी हे लिहायला घेतलं. जी कॉर्ड चालू असताना बी फ्लॅटवरून बीवर हॅमर करायचं (तार पुन्हा न छेडता बोट आपटून पुढचा सूर काढायचा), कारण बी हा जी कॉर्डचा आतला सूर आहे. बँड सीवर गेला की तोच बी खुपायला लागतो, कारण ब्लूजमध्ये सी वाजतो तो सी सेव्हन म्हणून, आणि त्यात बी फ्लॅट असतो. त्या दोन बारांत बी फ्लॅटवरच राहायचं. फरक फक्त एका फ्रेटचा. पण तो पाळलात की साथीला कोणी नसतानाही ऐकणाऱ्याला कॉर्ड बदललेली कळते. एकच स्केल बारा बार फिरवत राहणं आणि सोलो वाजवणं यांतलं अंतर या एका सुरात आहे. अंकल बास गुणगुणत आणि मला फक्त हा एक सूर वाजवायला लावत: जीवर बी, सीवर बी फ्लॅट, पुन्हा जीवर बी. इतका कंटाळवाणा वाटणारा आणि इतका फळणारा रियाज मी दुसरा केलेला नाही.

आता एक आवर्तन बांधू. तिसऱ्या तारेवर तिसऱ्यावरून चौथ्यावर हॅमर, मग दुसऱ्या तारेवर तिसरा, पाचवा, आणि शेवटी पहिल्या तारेवर तिसरा. हा झाला आपला रिफ. तो पहिल्या मात्रेवर सुरू करू नका. पहिली मात्रा बँडला द्या आणि तिच्या मागून आत शिरा. दुसऱ्या बारच्या मध्यापर्यंत रिफ संपवा आणि थांबा. तिसऱ्या-चौथ्या बारमध्ये तोच रिफ पुन्हा, शेवटचा सूर फक्त बदला, जीऐवजी ए. पाचव्या-सहाव्यात सी आला, म्हणजे रिफ तोच, पण हॅमर गाळायचा आणि बी फ्लॅटच धरायचा. सातव्या-आठव्यात मूळ रिफ. नवव्यात डीसाठी पहिल्या तारेवरचा ए आणि दुसऱ्या तारेवरचा डी. दहाव्यात पहिल्या तारेवर सहावा, तिसरा आणि दुसऱ्या तारेवर पाचवा असं उतरा. हे बी फ्लॅट, जी, ई, म्हणजे सरळ सी सेव्हनचेच सूर. अकराव्यात चौथ्या तारेच्या पाचव्या फ्रेटवरच्या जीवर येऊन थांबा. बारावा बार मोकळा सोडा.

हे वाचताना फारच थोडं वाटेल. पण एकच विधान दोनदा करायचं आणि तिसऱ्यांदा उत्तर द्यायचं ही ब्लूजच्या गाण्याची रीतच आहे, आणि नाचणाऱ्याला पुन्हा येणारा रिफच हवा असतो. दुसऱ्या आवर्तनात नवं काही घाला, पहिल्यात नको.

लय हा वेगळा विषय आहे आणि त्यात वेळ जाणारच. प्रत्येक मात्रेचे तीन भाग करा. पहिला सूर दोन भाग धरा, दुसरा उरलेल्या एका भागात. दादरा-खेमट्याच्या वजनाची सवय असेल त्याला हे तीनाचं गणित लवकर उमगतं. मात्र आपल्याला समेवर जोर द्यायची ओढ असते, इथे टाळी दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर पडते. म्हणून मिनिटाला १२० मात्रांच्या लयीत वाजवायचं असेल तर मेट्रोनोम ६० वर लावा आणि त्याचा प्रत्येक ठोका दुसरी किंवा चौथी मात्रा आहे असं समजून मोजा. सुरुवातीला पाय घसरतो, मग अचानक शरीर डोलायला लागतं. तोवर लय वाढवू नका. लय वाढते तसा हा झोका आपोआप सपाट होत जातो, त्यामुळे वेगात वाजवताना मात्रेचे तीन भाग मोजायचा अट्टहास नको.

बेंडही (तार ओढून सूर चढवणं) आवरते घ्या. पूर्ण सुराचे लांब बेंड पुढच्या पिढीचे. इथे बी फ्लॅटला जेमतेम पाव सूर वर ढकलायचं, तेवढ्यानं तो सूर बोलतो.

वाद्याबद्दल फारसं सांगण्यासारखं नाही. वॉकरच्या हातात गिब्सनच्या मोठ्या पोकळ गिटारी असायच्या, पण त्या विकत घ्यायच्या मागे लागू नका. तुमच्याकडे असेल ती इलेक्ट्रिक गिटार घ्या, तिचा मानेजवळचा पिकअप निवडा, टोन थोडा कमी करा, अॅम्पवर गेन जवळपास नको. डिस्टॉर्शन (गेन वाढवल्यावर आवाज फाटणं) असलं की सूर लांबत राहतो आणि मोकळी जागा भरून टाकतो, आणि ती जागाच तर आपल्याला हवी आहे.

फुंकवाद्यांबरोबर वाजवायची संधी मिळाली तर सोडू नका, आणि जाण्याआधी एक तयारी करा. 'जी'ची पट्टी गिटारवाल्यांच्या सोयीची, ट्रम्पेट-सॅक्सोफोनवाले बी फ्लॅट, ई फ्लॅट, एफ मागतात. बी फ्लॅटसाठी वरचा सगळा सोलो तीन फ्रेट पुढे सरकवा, म्हणजे तिसऱ्याचं काम सहाव्यावर. कॉर्डच्या युक्तीत बी फ्लॅट तिसऱ्यावरून पहिल्यावर, ई फ्लॅट आठव्यावरून सहाव्यावर, एफ दहाव्यावरून आठव्यावर. आणि तुमची दोन आवर्तनं झाली की मान डोलावून पुढच्याला वाट द्या. लगेच कॉर्डच्या त्या दोन आघातांवर परत या, कारण आता सॅक्सोफोन सुरू होणार असतो आणि त्याला मागून आधार तुम्हीच द्यायचा असतो.