फुलांवरील मकरंदखुणा कशा तपासाव्यात

पाकळीवरील रेषा, ठिपके किंवा मध्याजवळचा वेगळा रंग कीटकाला मकरंदाची वाट दाखवतो, ही कल्पना जर्मन अभ्यासक क्रिस्टियान कॉनराड श्प्रेंगेल यांनी १७९३ मध्ये मांडली. ती नाशिकमध्ये पडताळायची असेल, तर सुरुवात पांडवलेण्याच्या पायथ्याशी किंवा एखाद्या कुंपणावर वाढलेल्या घाणेरीपासून करावी. ही वनस्पती उपद्रवी खरी, पण या कामासाठी तिच्याइतकी सोयीची दुसरी सापडणे कठीण.

मध्यभागी पिवळी आणि कडेला नारिंगी किंवा लाल फुले असलेला गुच्छ निवडावा. ऊन चांगले वर आल्यावर, आपली सावली झुडपावर पडणार नाही अशा बेताने दोन-तीन हात दूर उभे राहावे आणि फुलपाखराने सोंड नेमकी कोणत्या रंगाच्या फुलात घातली, एवढेच वहीत दोन रकाने करून नोंदवावे; नुसते बसणे मोजू नये, कारण पाय लाल फुलांवर असतानाही सोंड पिवळ्या फुलात असू शकते. पिवळी फुले नुकती उमललेली व मकरंदयुक्त असतात. रंग बदललेल्या जुन्या फुलांत तो फारसा उरत नाही, मात्र ती गळून न पडल्यामुळे गुच्छ दुरून मोठा दिसतो.

त्यानंतर गोकर्णाच्या मोठ्या निळ्या पाकळीवरील पांढरट-पिवळा पट्टा पाहावा. उन्हाळ्यात गुलमोहोराच्या पाचांपैकी एकाच पाकळीवर पांढरा-पिवळा भाग आणि लाल ठिपके दिसतात. भाद्रपदात अंजनेरीच्या ओलसर कातळावर सीतेची आसवे फुलतात. ती इतकी लहान असतात की भिंगाशिवाय त्यांचे बारकावे कळत नाहीत. तेथे पायवाट सोडू नये व फुले तोडू नयेत.

आपल्या डोळ्यांना दिसणाऱ्या खुणांवर मात्र पूर्ण विसंबू नये. मधमाशीला अतिनील, निळा आणि हिरवा प्रकाश जाणवतो, लाल जवळजवळ जाणवत नाही. त्यामुळे आपल्याला सरसकट पिवळ्या दिसणाऱ्या सूर्यफुलाच्या पाकळ्यांचा बुडखा तिला वेगळा दिसतो. बाजारात मिळणाऱ्या अतिनील टॉर्चने हा नमुना दिसेल, असे समजू नये. त्या प्रकाशात आपल्याला दिसते ते फुलाचे स्फुरण, म्हणजे अतिनील प्रकाश शोषून फुलाने बाहेर टाकलेला दृश्य प्रकाश. परावर्तित अतिनील किरण टिपण्यासाठी खास फिल्टर आणि त्यानुसार बदललेला कॅमेरा लागतो.