लाकडी विमानाला कापड कसं चढवायचं, तेही कोकणात

पंखाचा सांगाडा पुरा झाला की हात शिवशिवायला लागतात. फासळ्या एका ओळीत बसल्यात, स्पार, म्हणजे पंखाच्या लांबीतल्या मुख्य तुळया, सरळ आहेत, आता कापड ताणून रंग मारला की झालं, असं वाटतं. तिथेच थांबा. कापड चढलं की आतलं लाकूड पुढची कित्येक वर्षं कुणाला दिसणार नाही, आणि आपल्या हवेत लाकूड आतूनच जातं.

मी देवगडजवळ बागेत राहतो. त्याआधी 23 वर्षं एका फ्लाइंग क्लबच्या वर्कशॉपमध्ये होतो. एचएएलच्या (हिंदुस्तान एरोनॉटिक्सच्या) पुष्पक विमानांचं जुनं कापड उतरवून नवं चढवणं हे तिथलं माझं नेहमीचं काम. आता घराच्या पडवीत पीटनपॉल एअर कॅम्पर बांधतोय. अमेरिकेतल्या मिनेसोटात बर्नार्ड पीटनपॉल यांनी 1929 मध्ये फोर्ड मॉडेल ए मोटारीचं इंजिन लावून उडवलेलं हे दोन माणसांचं विमान, लाकडाचं आणि वर कापड. माझी शेपूट आणि पंखाचे दोन तुकडे झालेत. त्यातून जे शिकलो ते सांगतो.

आधी लाकूड. ओलावा मोजायचं मीटर घ्या आणि लाकूड 8 ते 12 टक्क्यांत असेल तेव्हाच व्हार्निश करा. जून ते सप्टेंबर हा आकडा आपल्याकडे मिळणं कठीण, म्हणून ते चार महिने मी लाकडाला हात लावत नाही. ओलं लाकूड फुगलेलं असतं. तसंच बंद केलं तर पुढे सुकून आक्रसतं आणि घट्ट बसवलेले बोल्ट सैल होतात. व्हार्निश दोन भागांचं एपॉक्सी हवं. होडीला लावतात ते साधं व्हार्निश चालत नाही, कारण कापडाच्या गोंदातलं एमईके (मिथाइल इथाइल कीटोन, उग्र वासाचा द्रावक) त्याला विरघळवतं आणि गोंद लाकडावर न बसता त्या चिखलावर बसतो. लाकडाची कापलेली टोकं पाणी सगळ्यात जास्त ओढतात, तिथे तीन हात द्या. बोल्टच्या भोकांतून व्हार्निशमध्ये बुडवलेली कापसाची वात फिरवा. मग आरसा आणि टॉर्च घेऊन प्रत्येक सांधा बघा, फोटो काढा, आणि तुमच्याखेरीज दुसऱ्या जाणत्या माणसाला दाखवा. विमान उडवायला डीजीसीएची (नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाची) नोंदणी आणि परवानगी लागणारच आहे, तेव्हा उघड्या सांगाड्याची तपासणी लेखी करून ठेवा. स्वतः केलेल्या कामातली चूक स्वतःच्या डोळ्याला दिसत नाही, हे मी वर्कशॉपमध्ये कितीदा पाहिलंय.

आता कापड. जेआरडी टाटा 15 ऑक्टोबर 1932 ला कराचीहून टपाल घेऊन जुहूला उतरले ते पुस मॉथ विमान, त्याच्याही लाकडी पंखांवर कापडच होतं. त्या काळी सुती किंवा लिननचं कापड वापरत आणि त्याला ताण यायचा तो डोपने, म्हणजे कापडावर मारायच्या लाखेसारख्या द्रावाने. आजचं पॉलिएस्टर डोपने आकसत नाही, उष्णतेने आकसतं. बाजारातलं पडद्याचं किंवा अस्तराचं पॉलिएस्टर अजिबात वापरू नका. ते गिरणीतच गरम करून पक्कं केलेलं असतं, त्यात आकसायला काही उरलेलंच नसतं. विमानाचं कापडच मागवा. पंखाला चौरस मीटरला साधारण 90 ग्रॅमचं मी घेतलं. 60 ग्रॅमचंही मिळतं, पण ते अगदी हलक्या विमानांसाठी.

खालची बाजू आधी, वरची नंतर, म्हणजे वरचं कापड पुढच्या कडेवरून खालच्यावर येतं. पुढच्या कडेला 5 सेंटीमीटर, मागच्या कडेला अडीच सेंटीमीटर एकमेकांवर यावं. कापड ढोबळ बसवा, चिमट्यांनी धरा, कडेने गोंद लावा. फार ताणू नका, ताण इस्त्री देईल. चुकलं तर घाबरू नका, हा गोंद एमईकेच्या बोळ्याने सुटतो. मात्र या वासात काम करताना दारं उघडी, कोळशाच्या काडतुसाचा मास्क, हातमोजे, आणि मागच्या दारची चूल विझलेली हवी. आमच्या घरी त्या दिवशीचा स्वयंपाक शेजारच्या घरात होतो.

पीटनपॉलच्या पंखाची एक खोड आहे. त्याची खालची बाजू सपाट नाही, आत वळलेली आहे. कापड आकसलं की पुढच्या कडेपासून मागच्या कडेपर्यंत सरळ रेषेत जायला बघतं आणि फासळी सोडून देतं. म्हणून खालचं कापड प्रत्येक फासळीच्या पट्टीलाही गोंदाने चिकटवा, रात्रभर सुकू द्या, मगच इस्त्री. आणि इस्त्री दोन फासळ्यांच्या मध्ये फिरवा. चिकटवलेल्या फासळीवर नेली तर गोंद मऊ पडतो.

इस्त्रीवर मी तुमचा थोडा वेळ घेणार आहे, कारण माझं पहिलं एलिव्हेटर (शेपटीचा वर-खाली हलणारा भाग) इथेच वाया गेलं. घरातल्या इस्त्रीवर सिल्क, कॉटन लिहिलेलं असतं, त्याचा आपल्याला उपयोग नाही. आपल्याला दोन आकडे हवेत: 120 अंश सेल्सिअस आणि 175. इस्त्री उलटी टेकवा, तळाला थर्मोकपलची, म्हणजे तापमान मोजायची, तार चिकटवा आणि दिवा पाचदा लागून विझेपर्यंत वाट बघा. माझ्या इस्त्रीत दिवा लागताना आणि विझताना 20 अंशांचा फरक निघाला. वरचा आकडा धरा आणि चकतीवर नेलपॉलिशने खूण करा. लांबून मोजायची इन्फ्रारेड बंदूक इथे फसवते, चकचकीत तळाचं तापमान ती कमी दाखवते. मी ती बंदूकच वापरली होती. दोनदा बघून खात्री करून घेतली आणि एकदम जास्त तापलेली इस्त्री एका टोकाकडून फिरवत गेलो. पाच मिनिटांत मागच्या कडेची बारीक पट्टी दर दोन फासळ्यांच्या मध्ये आत ओढली गेली, करवतीच्या दात्यांसारखी, आणि सांगाड्याला पीळ बसला. तो लाकडातला पीळ परत निघाला नाही. नवं बांधलं.

तेव्हा आधी 120 वर पूर्ण भाग फिरा, दोन्ही बाजूंनी आळीपाळीने, म्हणजे ताण सारखा बसेल. सुरकुत्या बहुतेक इथेच जातात. मग 175. त्या पायरीपर्यंत कापड मूळ मापाच्या दहा टक्क्यांपर्यंत आकसतं. त्याच्या वर गेलात तर ताण वाढत नाही, उलट कापड सैल पडतं, आणि आणखी वर गेलात तर वितळतं. पंखाच्या टोकाच्या गोलाईवर चुण्या पडतात तिथे विमानांची मॉडेलं करणारे वापरतात ती छोटी इस्त्री घ्या. हलक्या सांगाड्यांना, म्हणजे एलिव्हेटर आणि रडर (शेपटीचं सुकाणू), मी 120 च्या थोडंच पुढे जातो आणि कडेवर दोरी धरून मध्येमध्ये सरळपणा बघतो.

ताण बसला की डोपचा पहिला हात, पातळ, ब्रशने. तो कापडाच्या विणीत मुरला पाहिजे. उजेडात आडवं बघा, धागे ओले दिसले पाहिजेत आणि आतल्या बाजूला थेंब लोंबता कामा नयेत.

मग टाके, आणि माझ्या मते सगळ्या कामात हेच खरं. पंखावरच्या कापडाला हवा वर ओढते, आणि ती ओढ फासळीपर्यंत पोचवणारा हा दोराच. फासळीवर तिच्याच रुंदीची मजबुतीची पट्टी चिकटवा. टाक्यांमधलं अंतर तुमच्या आराखड्यात असेल तेच ठेवा. माझं इंजिनाच्या पंख्याच्या (प्रोपेलरच्या) झोतात 60 मिलिमीटर आणि बाकी 75 आहे, पहिला आणि शेवटचा टाका निम्म्या अंतरावर. पंख पुढच्या कडेवर उभा करा, एक माणूस या बाजूला, एक त्या बाजूला. फूटभर लांब सुई, मेण लावलेला पॉलिएस्टरचा दोरा. सुई फासळीला अगदी लगटून आरपार, पलीकडच्याने फासळीच्या दुसऱ्या अंगाने परत, मग गाठ.

या गाठीला मॉडिफाइड सीन नॉट म्हणतात. ती मला वर्कशॉपमध्ये शिकायला आठवडा लागला होता. पलीकडे बसायला मी शेजारच्या तांडेलकाकांना बोलावलं. मी एकदा करून दाखवली, त्यांनी सुई माझ्या हातातून घेतली, दोरा अंगठ्याखाली दाबला, वेढा टाकला, खाली ओढला, आणि गाठ फासळीच्या कडेला घट्ट बसली. "अरे, ही गाठ आमची आसा," म्हणाले. आणि खरंच आहे, सीन म्हणजे आपली रापण. किनाऱ्यावर जाळी दुरुस्त करणारं माणूस तुमच्या ओळखीचं असेल तर त्याला हात जोडून बोलवा. दोन दिवसांत आम्ही दीड पंख शिवला. गाठ पट्टीच्या मधोमध नको, कडेला हवी. आणि दोरा इतका ओढू नका की फासळीची पट्टी दबेल.

टाक्यांवर कातरलेल्या कडेची पट्टी डोपमध्ये बसवा, प्रत्येक जोडावर आणि कडांवरही. तपासणीच्या भोकांची कडी आणि पाणी निघायच्या भोकांच्या चकत्या याच वेळी लागतात. पाण्याचं भोक प्रत्येक कप्प्यात, विमान जमिनीवर उभं असताना सगळ्यात खाली येणाऱ्या जागी.

फवारणीला आपल्या हवेचं वेळापत्रक पाळावं लागतं. दमट हवेत डोप पांढरा पडतो. त्यातला पातळ द्राव झपाट्याने उडतो, पृष्ठभाग गार होतो आणि हवेतलं पाणी त्यावर बसतं. मी नोव्हेंबरअखेर ते फेब्रुवारी एवढ्याच दिवसांत फवारतो. पहाटे दव असतं, म्हणून साडेनवाच्या आधी नाही. मतलई वारा थांबून खारा वारा सुटला की बंद. आर्द्रता 70 च्या वर गेली तर गन धुऊन ठेवतो, कितीही रंग कालवलेला असो. प्रत्येक हाताच्या आधी कापड गोड्या पाण्याच्या ओलसर फडक्याने पुसा आणि सुकू द्या. हातावर चव बघा, एका रात्रीत मीठ बसलेलं असतं.

रंगाच्या आधी चंदेरी हात, म्हणजे ॲल्युमिनियमची पूड घातलेला. पॉलिएस्टरला ऊन खातं, आणि ते ऊन अडवतो हा थर. आडवे-उभे मिळून तीनदा फवारा. मग रात्री दिवे मालवून तपासणीच्या भोकातून आत बल्ब सोडा. माझ्या डाव्या पंखात तिसऱ्या फासळीजवळ तळहाताएवढा उजेड झिरपत होता, फवारताना तिथे हात लवकर उचलला गेला होता. दुसऱ्या दिवशी तेवढ्यावर एक हात दिला आणि रात्री परत बल्ब सोडला. पूर्ण काळोख दिसला तेव्हाच पिवळा रंग कालवला.

पावसाळ्यात झाकून ठेवलेल्या पंखाकडे दर रविवारी जा आणि पाण्याची भोकं बघा. कुंभारीण माशी त्यात मातीचं घर करते. काडीने हळू उकरून काढा, मग त्याच भोकातून नाक लावून आतला वास घ्या. कुबट आला तर तपासणीची झाकणं उघडा, पंखा लावा, आणि मीटर आत घालून आकडा लिहून ठेवा.