'फुल थ्रस्ट' शिकताना: वेगाचा हिशेब

फोंड्यात आम्ही रविवारी दुपारी 'फुल थ्रस्ट'चा डाव मांडतो. नवा भिडू आला की तो आधी आपल्या जहाजावर तोफा किती ते मोजतो. तोफा राहू देत. जहाजाच्या कागदावरचा थ्रस्टचा, म्हणजे इंजिनाच्या जोराचा, आकडा बघा आणि शेजारी लिहिलेला वेग बघा. बहुतेक डाव या दोन आकड्यांवरच जातात.

हा अवकाशयुद्धाचा खेळ इंग्लंडच्या ग्राउंड झीरो गेम्सचा, जॉन टफलीने रचलेला. दुसरी आवृत्ती १९९२ची. नियम फुकट उतरवून घेता येतात. मिनिएचर (जहाजांची छोटी मॉडेल्स) नसतील तर पुठ्ठ्याचे तुकडे चालतात. (पंख्याखाली ते उडतात. आम्ही खालून रुपयाचं नाणं चिकटवतो.)

प्रत्येक जण आपली ऑर्डर गुपचूप लिहितो, मग सगळी जहाजं हलतात. अंतर इंचात मोजा किंवा सेंटीमीटरमध्ये. वेग ८ असताना काहीच लिहिलं नाही तर जहाज सरळ ८ जाणार. ४ थ्रस्टचं जहाज एका चालीत वेग जास्तीत जास्त ४ने वाढवतं किंवा घटवतं. वळायचं तेही त्याच चारातून, पण वळणावर निम्म्याहून जास्त खर्च करता येत नाही. वळणाचा एक अंक म्हणजे घड्याळातला एक तास, ३० अंश. घरातलं कुणी बोटीवर नोकरीला असेल तर पोर्ट-स्टारबोर्ड समजावायची गरजच नाही. बाकीच्यांनी डावं-उजवं लिहावं.

एक चाल करून बघू. वेग ८, तोंड बाराकडे. ऑर्डर लिहिली: उजवीकडे २, वेग अधिक २. नवा वेग १०. आधी वळणाचा अर्धा भाग, म्हणजे तोंड एककडे, आणि ५ पुढे. मग उरलेला अर्धा, तोंड दोनकडे, आणि पुन्हा ५. पट्टी लावा: जहाज मूळ जागेपासून साधारण ७ पुढे आणि ७ उजवीकडे आलेलं असतं, तोंड मात्र दोनकडे. म्हणजे जहाज सरकलं एका दिशेला आणि बघतंय दुसरीकडे. तोफांचे कोन तोंडावरून धरायचे असल्यामुळे नवखे इथेच सगळ्यात जास्त गोंधळतात.

आता थांबण्याचं गणित. वेग २०, थ्रस्ट ४. सगळा थ्रस्ट वेग कमी करण्यात घातला तर जहाज १६, १२, ८, ४ असं जात पाचव्या चालीला थांबतं, तोवर ४० अंतर गेलेलं. इंचात खेळत असाल तर चार फुटी टेबल जवळजवळ संपलं. रायबंदरहून चोडणला जाणारी फेरीबोट धक्का यायच्या कितीतरी आधी तोंड फिरवते, तसं इथे दोन-तीन चाली आधी ठरवावं लागतं.

मग समोरच्याचा अंदाज. त्याच्या मनात काय आहे ते ओळखायला जाऊ नका, त्याला काय जमूच शकत नाही ते काढा. २ थ्रस्टचं अवजड जहाज ६ वेगाने येत असेल तर पुढच्या चालीत ते ४ ते ८च्या मध्ये कुठेतरी असणार. वळलं तरी एकच तास वळेल, तेही अर्ध्या वाटेवर, म्हणून बाजूला २सुद्धा सरकणार नाही. तेवढा जागेचा तुकडा डोळ्यांनी आखा आणि तुमचं जहाज त्याच्या मागच्या बाजूला १२च्या आत कसं पोचेल ते बघा. बीम (किरण सोडणाऱ्या) तोफांचा पल्ला १२-१२च्या टप्प्यांनी मोजतात, टप्पा लांबला की मारा करताना टाकायचा एक फासा कमी. हलक्या, चपळ जहाजाचा असा तुकडा फार मोठा होतो. त्याच्यामागे लागू नये, असं माझं मत. ग्रूपमध्ये सगळ्यांना ते पटत नाही.

'एक्स-विंग' हा अवकाशयानांचा दुसरा खेळ खेळलेले येतात त्यांना चाल ठरवायची डायल लपवून लावायची सवय असते, पण तिथे मागच्या चालीचा वेग पुढे चालत येत नाही. तीन वेगानंतर सरळ एक लावता येतो. इथे ते चालणार नाही.

सरावाला एकच जहाज घ्या, थ्रस्ट ४, वेग ६. जमिनीवर पेला ठेवा आणि त्याला वळसा घालून निघालात तिथेच परत या, प्रत्येक ऑर्डर आधी लिहून. नीट जमलं की दुसरं जहाज घ्या. तोफांचे नियम त्यानंतर वाचलेत तरी चालेल.